शब्दचर्चा : तुर्की तिकिटाखाली ‘साक्षरता’ लिहायचं का?

पाटीपेन्सिल
तिकीटप्रदर्शनाच्या फलकासाठी मराठी ओळ हवी आहे. तुर्कस्तान, १९३८, नव्या लिपीची १० वर्षं, एकाच चित्राची सहा तिकिटं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केमाल अतातुर्क अक्षरं शिकवताहेत. ‘साक्षरता प्रसाराचे स्मारक तिकीट’ असं लिहिलं, तर तपासनिसांनी ‘स्मारक’खाली लाल रेघ मारली. म्हणे, स्मारक बघायला जायचं तिकीट वाटतं. दुसरा शब्द?

दातेमोजणी
‘स्मारक टपाल तिकीट’ करा, शंका फिटते. टपालखात्याच्या हिंदीतही ‘स्मारक डाक टिकट’च आहे. ‘स्मृती तिकीट’ मात्र नको, श्रद्धांजलीची जाहिरात वाटते.

ढब्बूपैसा
संग्राहक सरळ ‘कमेमोरेटिव्ह’ आणि ‘डेफिनिटिव्ह’ म्हणतात. पहिलं ठरावीक संख्येत एकदाच छापतात, दुसरं संपेल तसं पुन्हा पुन्हा. आपलं १९८० चं २ पैशांचं प्रौढ शिक्षणाचं तिकीट विषयाने साक्षरतेचंच, पण ते नेहमीच्या मालिकेतलं. त्याला ‘स्मारक’ म्हटलंत तर परीक्षक गुण कापतील.

शुद्धमती
मुळात ‘तिकीट’ कशाला? ‘मुद्रांक’ आहे की.

ढब्बूपैसा
मुद्रांक म्हटलं की दस्तनोंदणी आणि शुल्क आठवतं. पाकिटाला कोण मुद्रांक लावतं?

शुद्धमती
रूढ आहे म्हणून योग्य, हा युक्तिवाद झाला नाही.

उलटसुलट
‘तिकीट’ तर अर्थानेही चपखल. इंग्रजी टिकेट जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि तिथे मूळ क्रियापद चिकटवण्याचं. म्हणजे बसच्या तिकिटापेक्षा टपालाचं तिकीटच मुळाशी इमान राखून आहे.

मोडीवाचक
लाल रेघ चुकीच्या शब्दाखाली पडली आहे. ‘साक्षरता’ खटकायला हवं. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने २९ अक्षरांची लॅटिन वर्णमाला आली, १ डिसेंबरपासून वृत्तपत्रं तीत, १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकं. अरबी लिपीत सराईत असलेला मुन्शी नव्या लिपीपुढे एका हिवाळ्यात कोरा. तिकीट लिपीबदलाचं आहे. फक्त मोडी वाचणाऱ्याला आपण निरक्षर म्हणू का?

दातेमोजणी
जनगणनेत तरी नाही. ७ वर्षं आणि वरच्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता आलं की तो साक्षर. लिपीची अट नाही. पण तुर्कस्तानात त्याच १ जानेवारीपासून प्रौढांसाठी ‘राष्ट्रशाळा’ भरल्या, आणि तिथे अजिबात वाचता न येणारेही होते. म्हणून दोन्ही लिहा: ‘नव्या लिपीची दशकपूर्ती व साक्षरता प्रसार’.

उलटसुलट
‘साक्षरा’ उलटं वाचा, ‘राक्षसा’ होतं. सुभाषितकारांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय.

शुद्धमती
त्यात साक्षरतेची निंदा नाही, विपरीत झालेल्या विद्वानाची आहे. अर्धा श्लोक फेकू नका.

पाटीपेन्सिल
ओळ घेतली. आता खाली तिकिटाच्या कडेच्या भोकांसाठी ‘छिद्रण’ लिहायचं की ‘दाते’?

दातेमोजणी
बोलताना दाते, मोजताना छिद्रं. आकडा म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये बसणारी छिद्रं. आधी आडवी कड, मग उभी. ‘१४ × १३½’ मध्ये पहिला आकडा आडव्या कडेचा. एकच कड मोजून दोन्हीकडे तोच आकडा टाकणं ही नेहमीची चूक. कोपऱ्यातला आखूड दाता धरला तरी माप हुकतं, मधूनच मोजा.

शुद्धमती
‘दाता’ म्हणजे देणारा. इथे ‘दात’ हवं.

ढब्बूपैसा
करवतीला काय असतं मग?