मदत हवी आहे: तिवराच्या मुळांवरचं हे जांभळट शेवाळ कोणतं?

मंडळी, मी ऐरोलीचा, बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक हातात घेतलेलं नाही त्यामुळे सांभाळून घ्या. रविवारी ओहोटीला खाडीकाठी गेलो होतो, बाकी सगळे फ्लेमिंगोंच्या मागे आणि माझी नजर तिवराच्या चिखलातून वर आलेल्या खुंट्यांसारख्या मुळांवर. मुळाच्या खालच्या भागाला जांभळट-तपकिरी काहीतरी लपेटलेलं, कोरड्या टोकाला अजिबात नाही. आधी वाटलं चिखलच सुकलाय.

वाहून आलेल्या काटकीवर थोडं होतं तेवढंच घरी आणलं (अभयारण्यात काही खरवडलेलं नाही, उगाच ओरडू नका). मोबाईलला क्लिपवाली लेन्स लावून पाहिलं तर चपट्या पट्ट्या, जेमतेम मिलिमीटरभर रुंद, दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या, उसाला पेरं असतात तशा मधेमधे आवळलेल्या, मधून शीर आणि प्रत्येक पेऱ्याखाली केसासारखी मुळं. लाल रंग नावालाही नाही, पण सुकलेला तुकडा वाटीत नळाच्या पाण्यात विसरलो आणि सकाळी पाणी गुलाबी! म्हणजे लाल शेवाळच ना, त्यातलं लाल रंगद्रव्य फायकोएरिथ्रिन पाण्यात उतरतं असं वाचलंय.

तिवरांवर बॉस्ट्रिचिया, कॅटेनेला आणि कॅलोग्लोसा ही लाल शेवाळं शेजारीशेजारी राहतात म्हणे. बॉस्ट्रिचिया धाग्यासारखी, टोकं आत वळलेली, ती नाही. कॅटेनेला म्हणजे फुगीर मण्यांची साखळी, शीर नाही, तीही नाही. उरली कॅलोग्लोसा. पण तिच्यातल्या कॅलोग्लोसा लेप्रिउरी या प्रजातीचं पहिलं वर्णन दक्षिण अमेरिकेतल्या केयेनच्या नमुन्यावरून झालं, मग तीच आमच्या ठाणे खाडीत कशी? सरळ तेच नाव लिहू का?

प्रतिसाद १: कॅलोग्लोसा बिनधास्त लिहा, पुढचं नाव नको. लेप्रिउरी जगभर उष्ण किनाऱ्यांवर नोंदवलीय खरी, पण डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली दिसायला सारख्या बऱ्याच वेगळ्या प्रजाती निघाल्या. खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात टिकणारी जात आहे ही, पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर झालं तरी हिला चालतं. प्रजात ठरवायची तर पेऱ्याजवळच्या पेशींच्या ओळी आणि केसमुळांचा उगम बघावा लागतो, लेन्सने भागणार नाही.

धागाकर्ता: भाच्याच्या कॉलेजात शनिवारी मायक्रोस्कोप मिळतोय. आडवा काप घ्यायचा का? माझा हात थरथरतो, ब्लेडने बोटच कापेन.

प्रतिसाद १: काप कशाला, पट्टी तशीच थेंबभर पाण्यात स्लाइडवर पसरा. शीर सोडली तर ती एका पेशीएवढीच जाड असते, सगळं आरपार दिसतं. पेऱ्याचा फोटो मात्र खालच्या बाजूने काढा.