गाणं पालटतं त्या जागेला काय म्हणावं?

गिरणाकाठ: एरंडोलला हळदीत नाचताना भाचा म्हणाला, "मामा, थांबा, आता ड्रॉप येईल." खरंच ढोल थांबले, क्षणभर सगळं गप्प, आणि मग धाडकन सुरू. पोरं त्या गप्प क्षणात हात वर करून तयारच होती. मुखडा, अंतरा, धृपद, कडवं ही भागांची नावं झाली. एका भागातून दुसऱ्यात जातानाच्या जागेला मराठीत शब्द आहे का? ‘सांधा’ सुचला, पण तो सुताराकडचा वाटतो.

तापीकर: भाऊ, आधी एक घोळ निस्तरू. कडवं शब्दांचं, अंतरा चालीचा. तिन्ही कडवी एकाच चालीत असतील तर अंतरा खरं तर एकच. पण सर्रास ‘तिसरा अंतरा’ म्हणतात. धृपद म्हणजे ध्रुवपद, जागचं न हलणारं. पालुपदही तेच, पण "त्याचं आपलं तेच पालुपद" म्हणून म्हणून त्या शब्दाला कटकटीचा वास लागलाय.

आता तुमची जागा. भजनात कडवं संपवून बुवा धृपदावर आले की तबलजी लग्गी (जलद, भरगच्च ठेका) धरतो आणि तिहाई घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. तिहाईत एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर. दोनदा ऐकलं की तिसरा कुठे पडणार हे ताल न शिकलेल्यालाही कळतं, मान आपोआप हलते. माझं मत ‘तिहाई’ला.

गिरणाकाठ: ती वाजवणाऱ्याची झाली. ऐकणाऱ्याचं काय?

सातपुडा: संगीतकार फ्रेड लेर्डाल आणि भाषावैज्ञानिक रे जॅकेंडॉफ यांनी १९८३ मध्ये याचेच नियम मांडले. दोन सुरांत फट पडली, किंवा आवाजाची उंची, जोर एकदम बदलला, की कान तिथे रेघ ओढतो. तुमच्या हळदीत फट आणि जोर दोन्ही एकदम आले. सिनेमाच्या गाण्यात ते काम ‘मधलं म्युझिक’ करतं. व्हायोलिनं ओसरायला लागली की आपण कडव्यासाठी घसा साफ करतो.

अमळनेरची सून: ओवीला धृपदच नसतं, तरी नवी ओवी लागली हे कळतंच की! सासूबाई जात्यात वैरण टाकायला थांबायच्या, नवी ओवी त्यानंतर. (वैरण म्हणजे इथे गुरांचा चारा नव्हे, दळायला टाकतात ती मूठभर धान्याची.) सातपुडादादांची फट ती हीच.

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते तेव्हा बाया रात्रभर गातात. मधेच कुणीतरी म्हणतं, "आते चाल बदलनी," की टाळ्या बदलतात. त्या जागेला नाव नाही, क्रियापद आहे: चाल बदलते, लग्गी लागते, समेवर येतं. नाम हवंच कशाला?

तापीकर: ताई, ‘तिहाई’ मागे घेतो. पण ‘सांधा’ला माझा विरोध कायम.

गिरणाकाठ: भाच्याला ‘लग्गी’ शिकवली. काल वरातीत डीजेवाल्याला ओरडून सांगत होता, "भाऊ, लग्गीवाला ड्रॉप लाव!"