बोटाच्या थेंबावरून "योजना फसली" म्हणणाऱ्यांसाठी

काचनळी
काल या चर्चामंचावर एकांनी लिहिलं: "इतकी वर्षं लोहाच्या गोळ्या वाटल्या, तरी बायकांमधला ॲनिमिया ५३ वरून ५७ टक्क्यांवर गेला. ॲनिमियामुक्त भारत साफ फसलं, गोळ्या बंद करा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्तर देणं भाग आहे, कारण हे वाचून एखाद्या गरोदर बाईने गोळ्या सोडल्या तर तिचं नुकसान आहे.

आधी तारखा. केंद्राची ॲनिमियामुक्त भारत योजना २०१८ ची. ५७ हा आकडा एनएफएचएस-५ चा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा. तिचा पहिला टप्पा, ज्यात महाराष्ट्र होता, जून २०१९ मध्ये सुरू झाला. गोळ्या आधीपासून होत्या, पण "इतकी वर्षं" या योजनेच्या नावावर टाकू नका.

आता आकडा. चौथ्या फेरीपासून पाचव्या फेरीपर्यंत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५३.१ चे ५७ झाले, पाच वर्षांखालच्या मुलांत ५८.६ चे ६७.१. दोन्ही वेळा बोटाला टोचून (तान्ह्यांच्या टाचेला), क्युवेटमध्ये (मशीनमध्ये सरकवायची छोटी प्लॅस्टिकची पट्टी) १० मायक्रोलिटर रक्त घेऊन. याच दरम्यान, २०१६ ते १८ मध्ये, सीएनएनएसने (सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण) मुलांच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमधल्या ॲनालायझरवर तपासलं. १ ते ४ वर्षांच्या मुलांत आले ४१ टक्के. निकष तोच, हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली.

बोटाच्या रक्तात घोटाळा कुठे होतो? हात गार असतो किंवा टोचणी उथळ जाते, थेंब येत नाही, म्हणून बोट पिळलं जातं. पिळलं की रक्ताबरोबर ऊतींमधला द्रव येतो, रक्त पातळ होतं, आकडा उतरतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी तेच. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसून तिसरा, टपोरा थेंब घ्यायचा. क्युवेट एका दमात भरली पाहिजे. अर्धवट भरली तर ती टाकायची, पुन्हा थेंबाला लावायची नाही. बाहेरून पुसताना कापूस टोकाला टेकला तर तो आतलं रक्त ओढतो. बुडबुडा राहिला तर रीडिंग चुकतं. क्युवेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर आतली रसायनं दमट होऊन क्युवेटच निकामी होतात.

स्त्रियांसाठी ॲनिमियाची रेषा १२ ची, आणि त्यांचं हिमोग्लोबिन १२ च्या आसपासच दाटीने असतं. मोजताना अर्धा ग्रॅम घसरला तरी हजारो जणी रेषेखाली जातात.

उंबरठा
मॅडम, क्युवेटच्या आड बायकांची उपासमार झाकू नका. दोन्ही फेऱ्यांत तीच पद्धत, तेच मशीन. चूक असेल तर दोन्हीकडे सारखी, मग फरक उरतोच. आणि सोयीची तुलना केलीत. सीएनएनएसचा गट १ वर्षापासून, एनएफएचएसचा ६ महिन्यांपासून. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेला लोहाचा साठा संपत येतो आणि वरचं खाणं नीट सुरू झालेलं नसतं. तीच मुलं वगळून ४१ काढायचे आणि "बघा, कमी आहे" म्हणायचं?

काचनळी
वयाचा मुद्दा बरोबर, त्याने अंतर थोडं कमी होतं. पण मुलींकडे बघा. सीएनएनएसमध्ये १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के, एनएफएचएस-५ मध्ये १५ ते १९ च्या मुलींत ५९.१. इथे तान्ही बाळं नाहीत.

आणि "तीच पद्धत, तीच चूक" हे मला मान्यच नाही. मशीन तेच असतं, बोट पिळणारे हात दर फेरीला नवे असतात. ऐन पावसाळ्यात, ओल्या हवेत, दिवसभर डबी उघडझाप करून केलेली मोजणी आणि कोरड्या हवेतली मोजणी एक नव्हे.

अजून एक. गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेणाऱ्या बायका १४.४ वरून २६ टक्के झाल्या. त्याच काळात गरोदर बायकांमधला ॲनिमिया ५०.४ चा ५२.२. दोन्ही खरे मानले तर लोहाने रक्त वाढत नाही असं म्हणावं लागेल. म्हणाल?

लालगोळी
मी म्हणेन की १८० दिवसांचा आकडा तोंडी आहे. बाईला नंतर विचारतात, ती "घेतल्या" म्हणते. गोळ्या हातात पडणं आणि पोटात जाणं यात खूप अंतर आहे, आणि पोटात गेलेल्या अंगी लागणं हे त्याहून पुढचं.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, बाळंतपणानंतरही १८० दिवस. सोबत कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत मिळतात आणि एकाच घोटात घेतली जातात. कॅल्शियम लोहाला अडवतं. कॅल्शियम जेवणासोबत, लोह रात्री जेवणानंतर दोन तासांनी, हे सांगितलंच जात नाही. वर चहा. शी काळी झाली की बाई घाबरून बंद करते. ती काळी होणारच, हे पहिल्या पाकिटाबरोबर सांगायला एक मिनिट लागतं. मळमळ होत असेल तर झोपताना घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एका दिवशी तीन-चार घेणंही व्यर्थ. मोठा डोस गेला की यकृतातून हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि पुढच्या दिवसाचं लोह शोषलं जात नाही. या गोष्टी सुधारल्याशिवाय मशीनवर भांडून काय मिळणार?

धानपट्टा
तुम्ही सगळे लॅबमध्ये बसून बोलताय. आमच्या गडचिरोली-गोंदियाकडे प्रश्न वेगळा आहे. रेशनवर सगळ्यांना लोह घातलेला तांदूळ द्यायला लागले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्याच २०१८ च्या नियमात होतं की सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णांनी लोहयुक्त पदार्थ खाऊ नयेत, तशी सूचना पाकिटावर असावी. रेशनचा तांदूळ पोत्यातून मापून पिशवीत ओततात. सूचना कोण वाचणार? जिथे सिकलसेल घरोघरी, तिथेच हा तांदूळ सक्तीचा केला. यावर एक ओळ लिहा, मग क्युवेटचं पुराण सांगा.

सरासरी
हिशेब करू. प्रमाण किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. शंभर दाण्यांत एक दाणा फोर्टिफाइड, म्हणजे लोह घातलेला. रेशन माणशी महिना ५ किलो, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅमच्या आसपास. लोह ५ ते ७ मिलिग्रॅम. किशोरींची आठवड्याची निळी गोळी ६० मिलिग्रॅमची, म्हणजे दिवसाला साडेआठ. तांदळातलं लोह त्याहून कमी, आणि शोषलं जातं त्यातला छोटा हिस्सा.

धानपट्टा
ज्या पोराला वर्षातून चार वेळा रक्त चढवतात त्याला हा हिशेब सांगा. प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं आणि बाहेर काढायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साठतं. त्यात रोजची भर कशाला?

काचनळी
त्या मुलाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण "सिकलसेल" या एका शब्दात तुम्ही वाहक आणि रुग्ण एकत्र कोंबताय. वाहक (एएस, म्हणजे सिकलचं जनुक एकाच पालकाकडून आलेले) कितीतरी जास्त असतात, त्यांना लोह बाधत नाही, आणि त्यांच्यात लोहाची कमतरता इतरांइतकीच असते. वाहक मुलीची निळी गोळी "सिकलसेल आहे" म्हणून बंद करणं हा अन्याय आहे. रक्त न चढवलेल्या एसएस रुग्णातही (दोन्ही पालकांकडून सिकलचं जनुक आलेल्या) लोह कमी असू शकतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय कळत नाही.

धानपट्टा
वाहक की रुग्ण हे गावात कळतं कुठे? शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट करतात, पॉझिटिव्ह आली की नाव यादीत. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत पोरीचं लग्न मोडलेलं असतं.

सरासरी
ती टेस्ट वाहक आणि रुग्ण वेगळे करतच नाही. द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन झाकल्या तर पॉझिटिव्ह. फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं. पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबची तपासणी, हवीच.

उलटी चूक जास्त घातक. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर त्या थेंबात सिकल हिमोग्लोबिनच इतकं थोडं असतं की द्रावण गढूळ होत नाही. निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलेला नेमका एसएस असू शकतो. अशा वेळी रक्ताचं प्रमाण दुप्पट घ्यायचं. सहा महिन्यांखालच्या बाळात तर ही टेस्ट करूच नये, गर्भातलं हिमोग्लोबिन अजून उरलेलं असतं. द्रावणातलं डायथायोनाइट हे रसायन जुनं झालं की सगळेच निगेटिव्ह येतात. म्हणून रोज सकाळी एक माहितीतला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावून मगच शिबिर सुरू करायचं. जुलै २०२३ पासूनच्या सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोक तपासायचे ठरलेत. एवढ्या लोकांत या चुका झाल्या तर कुणाला किती भोगावं लागेल याचा विचार करा.

धानपट्टा
ठीक. वाहकांना तांदूळ बाधत नाही, हे मानतो. पण एसएस कुटुंबाला साधा तांदूळ मागायचा पर्याय रेशन दुकानात हवा, यावरून मी हटणार नाही.

काचनळी
त्यावर माझा विरोध कधीच नव्हता.

उंबरठा
तांदळात मूळ प्रश्न वाहून गेला. आता कुणीतरी १२ ची रेषाच खाली आणा म्हणेल. २०२१ मध्ये सीएनएनएसच्या निरोगी मुलांवरून तसा लेख लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलाच. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी ११ चे १०.५ केले, पण गरोदर नसलेल्या स्त्रियांचे १२ तसेच ठेवले. आणि आपल्याकडे एनएफएचएस-६ मधून हिमोग्लोबिनच काढलं, काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) डॅब्स या आहार आणि रक्ततपासणीच्या सर्वेक्षणाकडे दिलं. उद्या शिरेच्या रक्तातून आकडा कमी येईल आणि "घटला" म्हणून जाहिरात होईल. याला तुम्ही शास्त्र म्हणणार?

काचनळी
जाहिरात झाली तर मीच विरोधात लिहीन. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून घट किंवा वाढ सांगणं चूकच. त्यासाठी काही गावांत एकाच बाईचं, एकाच बैठकीत, बोटाचं आणि शिरेचं दोन्ही रक्त घ्यायला हवं, म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडता येते. शिरेचं रक्त म्हणजे आपोआप बरोबर असंही नाही. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली) आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी केली नाही तर गाठी होतात. बर्फाला थेट टेकली तर रक्तपेशी फुटतात. २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांत मशीनवर गेली पाहिजे.

उंबरठा
अशी जोडमोजणी करून आकडे लोकांसमोर ठेवा, मी मान्य करेन. तोवर ५७ च वापरणार, पण "बोटाच्या रक्तावरून" एवढं पुढे लिहीन. गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं, ते कालच्या पोस्टवाल्यांना विचारा.

लालगोळी
कालच्या पोस्टवाल्यांनी निदान ती शेवटची ओळ काढावी. आणि गावपातळीवर काम करणाऱ्यांनी सर्वेक्षणाचा वाद उपकेंद्रात नेऊ नये. गरोदर बाईचं रीडिंग ७ च्या खाली आलं तर बोट पिळलं होतं का यावर चर्चा करत बसायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, शिरेची तपासणी तिथे होईल. ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या आणि महिन्याने पुन्हा मोजणी. महिन्यात एक ग्रॅमही वाढलं नाही आणि गोळ्या खरंच पोटात गेल्या असतील, तर सिकलसेल, थॅलेसेमिया आणि बी-१२ बघायचं.