उधळपट्टी हे अर्धंच कारण
कोट्यवधी कमावलेले खेळाडू निवृत्तीनंतर दिवाळखोर होतात ते उधळपट्टीने, असं म्हणतात. ते पटतं, पण अर्धंच. बॉक्सर माइक टायसनने वाघ पाळले, मान्य. तरी २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्याच्या डोक्यावर करांचंही मोठं देणं होतं.

खरी गोम वयात आहे. इतरांची कमाई चाळिशीत वाढते, यांची बहुधा पस्तिशीच्या आसपास आटते. हप्ते, पोटगी आणि भोवतीचा गोतावळा मात्र तसाच राहतो. शिवाय पेपरात छापून येतो तो कराराचा आकडा. कर आणि एजंटचा वाटा गेल्यावर हातात बरंच कमी पडतं.

टेनिसपटू बोरिस बेकरची तर पुढचीच तऱ्हा. २०१७ मध्ये दिवाळखोर ठरला, आणि मालमत्ता लपवली म्हणून २०२२ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा. सहा ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस!