बेदाण्याची धुरी आणि म्हाताऱ्यांच्या किडन्या

शेडवाला: काल गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "गंधकाच्या धुरीनं शेडवरच्या म्हाताऱ्यांच्या किडन्या सडतात." सकाळपासून डोकं फिरलंय. बेदाणा पिवळा दिसावा म्हणून शेडमध्ये गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड होतो. तो ओलाव्यात लगेच विरघळतो, म्हणून नाक, घसा, छाती आधी धरतो. दमेकऱ्याची तर वाटच लागते. पण किडनी? आमच्या अण्णांनी २५ सीझन धुरी दिली. ७८ व्या वर्षी सायकलवर बाजार करतात.

कवठ्याची लेक: एका अण्णांनी शास्त्र होत नाही. आमचे आबा शेडवरच राबले, आता आठवड्याला दोनदा डायलिसिस.

शेडवाला: मग एका आबांनी होतं का? बीपी, शुगर होती का ते सांगा आधी.

कवठ्याची लेक: दोन्ही. आणि गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकची गोळी.

लॅबवाली, मिरज: आता कसं बोललात! चाळिशीनंतर किडनीची मिनिटाची गाळण वर्षाला साधारण एकेक मिलीलिटरनं उतरतेच, त्यात ह्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला आणखी मारतात. वर म्हातारपणी स्नायू आटतात, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा कचरा, कमी दिसतं आणि फसवतं. ७५ वर्षांच्या आजीचं १.२ आलं की घरचे म्हणतात बरंय, आणि जीएफआर, म्हणजे हीच गाळण, असते पन्नासच्या खाली. वायूचंच भ्या असेल तर बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचं धरा. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. जबर लागला तर स्नायू मोडतात आणि त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीच्या नळ्या तुंबवतं. म्हाताऱ्या किडनीत ते सोसायची शिल्लक नसते.

बागायतदार: गंधक आम्ही काय हौसेनं जाळतो? पिवळाधमक नसला की दर पाडतात. वर सौद्यात बेदाण्याची उधळण! पायाखाली तुडवतात ते किलो कुणाच्या पट्टीत धरायचे?

अडत्या: नमुना न बघता माल घ्यायचा का मग?

बागायतदार: बघा की! मूठभर बघा, पोतं का ओतता?

अडत्या: परवडत नसेल तर घरी खावा.

बागायतदार: तुमचं पेमेंट येईस्तोवर तेच खातोय.

लॅबवाली, मिरज: अहो, किडनीचा धागा आहे हा.

कवठ्याची लेक: किडनीचंच बोलते. गोळीनं गेली म्हणताय, मान्य. पण गोळी कशापायी? बेदाणा वाळवायचे रॅक चढून उतरून गुडघे गेले म्हणूनच ना? आणि त्या धुरात आबांच्या तोंडाला साधं फडकंही नव्हतं.

शेडवाला: फडक्यानं वायू अडत नाही ताई. पण रॅकचं खरंय. अण्णाही रात्री एक गोळी घेतात.

लॅबवाली, मिरज: कुठली?

शेडवाला: पाकीट बघून सांगतो. खूश?