मदत हवी आहे: पाचगणीच्या आभाळात छोटी विमानं आणि आपण

राम राम मंडळी. परवा रविवारी दुपारी पॅराग्लायडर घेऊन खिंगरच्या बाजूने उडालो. धोम धरणाच्या अंगाला थर्मल (वर चढणारा गरम हवेचा झोत) झकास लागला होता, गिरक्या घेत वर चाललो होतो. वाऱ्याच्या आवाजात इंजिनाची घरघर कळलीच नाही. एकदम पंखाखालची अक्षरं दिसावीत इतक्या जवळून एक छोटं विमान गेलं. खाली उतरल्यावर हेल्मेटचं बक्कल सुटेना, बोटं इतकी थरथरत होती. विमान कुठलं होतं ते कळलं नाही आणि कुणावर ढकलायचंही नाही.

नियमाने इंजिनवाल्याने ग्लायडरला वाट द्यायची. पण आपण ताशी 35-40 किलोमीटर, ते 180 च्या आसपास. आपल्याकडे ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली जागा रडारला कळवणारं यंत्र, नाही. त्याला आपण दिसणार कधी?

कराडच्या धावपट्टीवर आपल्या उड्डाणांची आगाऊ कल्पना कुणी दिली आहे का? कुणाला भेटायचं, अर्ज लेखी लागतो का? आपल्या वॉकीटॉकीवर वैमानिकांचं बोलणं येत नाही. एअरबँडचा, म्हणजे वैमानिकांच्या रेडिओ लहरींवर बोलायचा, परवाना कुणी काढलाय का? फ्लार्म (टक्कर टाळायला जवळच्या विमानाचा इशारा देणारं यंत्र) घ्यावं म्हटलं, पण ते समोरच्याकडेही हवं ना!

"गप्प बस, नाहीतर उडणंच बंद करतील" हा सल्ला मिळालाय, तो सोडून सांगा.