प्रतिसाद: आवाज कुठून आला याला महत्त्व आहेच

संगणकात शिरलेला आवाज हवा तसा बदलता येतो, त्यामुळे आसपासच्या खऱ्या आवाजांतून संगीत रचणारे ब्रिटिश संगीतकार मॅथ्यू हर्बर्ट यांनी तो कुठून मिळवला हे गौण ठरते, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. २००० साली स्वतःसाठी लिहिलेल्या नियमावलीत त्यांनी ड्रम मशीन (तालाचे तयार आवाज वाजवणारे यंत्र) आणि इतरांच्या संगीतातील तुकडे वर्ज्य ठरवले, आणि २०११ च्या ‘वन पिग’ या अल्बममध्ये त्या शिस्तीचा खरा कस लागला: एका डुकराचे जन्मापासून ताटात येईपर्यंतचे आवाज त्यांनी टिपले, मात्र कत्तलीच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून तो क्षण अल्बममध्ये नाही. स्रोत गौण असता, तर तो आवाज स्टुडिओत सहज घडवता आला असता. पुढे त्याच प्राण्याच्या कातडीचा ड्रमही त्यांनी वापरला.